चुंबक, चिठ्ठी आणि आपली मुलं

संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून गुढीपाडव्यापर्यंत आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, पाचवीतल्या मुलांचे आईवडील चटकन ओळखू येतात. स्टेजवर नाटक रंगात आलेलं असतं आणि ही मंडळी मागच्या रांगेत एकमेकांच्या कानाशी लागलेली असतात. "तुमचं पत्र आलं का हो?" "अजून नाही. पण जोशांचं आलं म्हणे!" पूर्वी इतकी कुजबुज फक्त कुणाचं लग्न जुळत असलं की व्हायची. आता ती मॅग्नेटसाठी होते.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या माँटगोमेरी काउंटीत सरकारी शाळांमध्ये दीड लाखाहून अधिक मुलं शिकतात. त्यातल्या काही मोजक्या मिडल स्कूलमध्ये सहावीपासून खास अभ्यासक्रम चालतात. टाकोमा पार्क मिडल स्कूलमधला गणित, विज्ञान आणि संगणकाचा, ईस्टर्न मिडल स्कूलमधला भाषा, इतिहास आणि माध्यमांचा, ही त्यातली जुनी नावं. फी नाही, खाजगी शाळेचा थाट नाही, पण शिकवणं असं की मुलांना शाळेची ओढ लागावी. जागा मात्र एका कार्यक्रमाला शंभर-सव्वाशे. म्हणजे गर्दी किती आणि दरवाजा केवढा, याचा अंदाज आपल्यासारख्या लोकल गाडीतून आलेल्यांना वेगळा सांगायला नको!

आमच्या घरात हा प्रकार दोनदा झाला. थोरली २०१७ साली सहावीत गेली, धाकटा २०२२ साली. दोघांच्या मध्ये अवघी पाच वर्षं, पण दोघांना लागू झालेले नियम इतके वेगळे, की जणू दोघं दोन वेगळ्या देशांत वाढली. घरी जेवताना, गाडीत, कधी भांडणातसुद्धा या विषयावर जे बोलणं झालं, त्यातून माझ्या मनात काही गोष्टी स्पष्ट झाल्या. त्या आपल्या लोकांसमोर मांडाव्यात म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट नावाची. मॅग्नेट म्हणजे चुंबक. हुशार मुलांना ओढून घेतं ते चुंबक, असाच आपला समज असतो. पण हे चुंबक मुळात त्यासाठी केलेलं नव्हतं. १९५४ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयानं ब्राऊन खटल्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनेविरुद्ध ठरवल्या. कायद्यानं भिंत पाडली, पण वस्त्या वेगळ्याच राहिल्या आणि म्हणून शाळाही वेगळ्याच राहिल्या. मग मुलांना बसमध्ये घालून लांबच्या शाळांत पाठवायचे हुकूम निघाले. १९७४ साली बॉस्टनमध्ये त्यावरून बसवर दगडफेक झाली. सक्तीनं लोक चिडतात, हे पाहून दुसरी युक्ती पुढे आली. जिथे गोरे पालक आपणहून मुलं पाठवणार नाहीत अशा वस्तीतल्या शाळेत काहीतरी इतकं चांगलं सुरू करायचं, की त्यांनी स्वतःच्या पायांनी यावं. १९६८ साली वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात मॅकार्व्हर प्राथमिक शाळेत हा प्रयोग झाला. (हे टकोमा निराळं आणि आपलं टाकोमा पार्क निराळं, बरं का!) आमच्या काउंटीतही १९८५ साली सिल्व्हर स्प्रिंगच्या माँटगोमेरी ब्लेअर हायस्कूलमध्ये गणित-विज्ञानाचं मॅग्नेट सुरू झालं, ते याच विचारानं. काउंटीतल्या श्रीमंत भागात ते उघडलं नाही, हे मुद्दाम केलेलं होतं.

म्हणजे चुंबकानं ओढायचं होतं ते एका वस्तीतल्या मुलांना दुसऱ्या वस्तीकडे. पुढे शिकवणं उत्तम निघालं, मुलं स्पर्धा जिंकू लागली, नाव झालं. मग आपण सगळे नावाकडे पाहू लागलो आणि मूळ हेतू मागे पडला.

थोरलीच्या वेळी म्हणजे २०१६ च्या हिवाळ्यात पद्धत आपल्या ओळखीची होती. पालकांनी अर्ज भरायचा, शिक्षकांचा अभिप्राय जोडायचा, मुलीनं चाचणीला बसायचं. ती बसली, निवडली गेली. आम्ही पेढे वाटले. भारतात फोन झाले. सगळं अगदी शिष्यवृत्तीच्या निकालासारखं.

शिष्यवृत्तीची आठवण निघाली म्हणून सांगते. मी कराडजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. तेव्हा चौथीला शिष्यवृत्ती परीक्षा असे. मराठी, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी. (पुढे काही वर्षं ती पाचवीला होती.) आमचे गुरुजी संध्याकाळी जादा तास घ्यायचे. त्या तासांना वर्गातली निम्मी मुलंसुद्धा येत नसत. माझ्या शेजारी बसणारी मुलगी तोंडी हिशेबात मला कधीच ऐकायची नाही. पण संध्याकाळी तिला म्हशी आणायला जावं लागे आणि घरी फॉर्मवर सही करणारं कुणी नव्हतं. ती परीक्षेला बसलीच नाही. माझा नंबर आला, गावात कौतुक झालं, आणि ते कौतुक खोटं नव्हतं, मी अभ्यास केला होता. पण त्या यादीत तिचं नाव नव्हतं याचं कारण ती कमी हुशार होती हे नव्हतं. यादी करणाऱ्यांना ती कधी दिसलीच नव्हती.

अमेरिकेतला फॉर्म भरताना मला तीच मुलगी आठवली. इथेही फॉर्म हीच पहिली परीक्षा होती, आणि ती पालकांची होती. असा काही कार्यक्रम असतो हे माहीत असायला हवं, मुदत माहीत हवी, इंग्रजी वाचता यायला हवं, दोन दोन नोकऱ्या करून दमलेलं नसायला हवं. आपल्याकडे मंडळ आहे, शेजारपाजारची थोरली मुलं आहेत, बाजारात सरावाची पुस्तकं आहेत, शनिवारचे क्लासेस आहेत. माझ्या मुलीच्या प्राथमिक शाळेत साल्वादोरमधून आलेली एक बाई जेवणघरात काम करायची. तिचा मुलगा गणितात तरबेज आहे असं थोरली घरी येऊन सांगायची. त्यांना या अर्जाची गंधवार्ता नव्हती. मी सांगितलं तेव्हा मुदत चार दिवसांवर आली होती. त्यांनी भरला की नाही, मला पुढे कळलं नाही.

काउंटीनं २०१७-१८ पासून हेच बदलायला घेतलं. आधी काही भागात आणि मग सगळीकडे, पालकांनी अर्ज करायची गरजच ठेवली नाही. पाचवीतल्या प्रत्येक मुलाचे गुण आणि प्रगती शाळांनीच तपासायची. काहीशे अर्जांच्या जागी हजारो मुलांकडे पाहिलं जाऊ लागलं. त्याचबरोबर मुलाची तुलना कुणाशी करायची, हेही बदललं.

हा मुद्दा आपल्या मंडळींना फार गोंधळात टाकतो, म्हणून नीट सांगते. धाकट्याच्या वेळी मॅप नावाच्या चाचणीत ८५ व्या पर्सेंटाइलच्या वर असणं ही एक अट होती. ८५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी ८५ गुण नव्हेत. शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली, तर आपल्या मागे ८५ असणं. आता प्रश्न, ही शंभर मुलं कुठली? साऱ्या देशातली धरली तर आपल्या भागातली निम्मी मुलं पुढे उभी राहतील. म्हणून काउंटीनं रांग स्थानिक केली. ज्या शाळांमध्ये मोफत किंवा सवलतीचं जेवण घेणाऱ्या मुलांचं प्रमाण साधारण सारखं, त्या शाळांतल्या मुलांची आपसात तुलना. त्यामुळे सधन वस्तीतल्या मुलाला जेवढे गुण लागत, तेवढे गरीब वस्तीतल्या मुलाला लागत नसत. आपल्यातल्या पुष्कळांना हा अन्याय वाटतो. पण नवोदय विद्यालयं आठवा. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून ती देशभर पसरली. सहावीसाठी प्रवेशपरीक्षा, आणि जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना. साताऱ्यातल्या मुलाची तुलना दक्षिण मुंबईतल्या मुलाशी करू नये, हे तिथे आपल्याला पटतं. मग इथे का पटू नये?

याहून मोठा बदल २०२० साली आला. कोविडमध्ये शाळा बंद, चाचणी घेणार कुठे? तेव्हा काउंटीनं सोडत काढली. ठरावीक पात्रता गाठलेली सगळी मुलं एका यादीत घालायची आणि संगणकानं चिठ्ठ्या काढल्यासारखी नावं काढायची. कोविड ओसरल्यावरही, धाकट्याच्या वेळी, सोडतच होती.

आपल्या लोकांत तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते सांगायला नको. आशियाई पालकांच्या एका संघटनेनं २०२० साली संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. नव्या पद्धतीनं आशियाई मुलांच्या जागा मुद्दाम कमी केल्या जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२२ साली न्यायालयानं तो दावा फेटाळला. पलीकडे व्हर्जिनियात थॉमस जेफरसन हायस्कूलच्या नव्या प्रवेशपद्धतीवर असाच खटला चालला. तिथे खालच्या न्यायालयात २०२२ मध्ये पालक जिंकले, २०२३ मध्ये अपिलात हरले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. मुलांचा वर्ण पाहून त्यांना शाळा वाटून देऊ नयेत, असं त्याच न्यायालयानं २००७ साली सांगितलेलं होतं. म्हणून मग शाळा, वस्ती, उत्पन्न या वाटांनी काउंट्या जायला लागल्या, हा त्यामागचा इतिहास.

दावा लावणाऱ्या पालकांची मी टिंगल करणार नाही. ज्यांच्याकडे ना जमीन, ना ओळखी, त्यांना या देशात परीक्षेनंच आणून पोचवलं. परीक्षेवरचा विश्वास हा आपला एका अर्थी कुळाचार आहे. तो मोडला की पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं. एक मित्र मला म्हणाला, "वहिनी, पोरानं मेहनत करावी आणि शेवटी संगणकानं फासे टाकावेत, हे पोराला समजावू कसं?" त्याचा प्रश्न खरा आहे, आणि दोन महिन्यांनी तो आमच्याच घरात येऊन बसला.

धाकट्याला संगणकाचं वेड. बहिणीच्या वह्या चोरून वाचायचा. यादीत त्याचं नाव होतं, म्हणजे पात्रता होती. पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की सोडतीत नाव निघालं नाही, प्रतीक्षायादीत आहे. प्रतीक्षायादी पुढे सरकली नाही. कराडहून आईचा फोन आला.

"नापास झाला का गं?"

"नाही गं आई, पास आहे. सोडतीत नाव नाही लागलं."

"अगं मग तसं सांग की! म्हाडाचं घर नाही लागलं म्हणजे!"

आईच्या या एका वाक्यानं मला जे सुचत नव्हतं ते सुचलं. म्हाडाचं घर लागलं नाही म्हणून मुंबईत कुणी स्वतःला नालायक समजत नाही. शिक्षणहक्काच्या कायद्याखाली महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांत २५ टक्के जागा गरीब मुलांसाठी असतात. अर्ज जास्त आले की तिथेही सोडतच निघते. नाव आलं नाही की आईबाप हळहळतात, पण पोर मठ्ठ आहे असं कुणी म्हणत नाही. चाचणीत मात्र नकार म्हणजे निकाल. माझ्या मित्राला जे सोडतीचं वाईट वाटत होतं, तेच मला त्या दिवशी तिच्यातलं चांगलं वाटलं. सोडत मुलाविषयी काहीच बोलत नाही.

पण मुलाला हे पटायला वेळ लागला. तो दहा वर्षांचा होता. रात्री बहिणीच्या खोलीत जाऊन त्यानं विचारलं, "ताई, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस का?" मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्या वेळी तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी फॉर्मच भरला नसता. मला कोणी हरवायचं ते आलंच नाही." पंधरा वर्षांच्या मुलीनं हे ओळखावं, याचं मला आश्चर्य वाटलं. मग वाटलं, आश्चर्य कसलं? ती त्या शाळेतच शिकून आली होती.

कारण त्या तीन वर्षांत तिला मिळालं ते फक्त गणित नव्हे. मॅग्नेटचे दोन-तीन विषय त्या मुलांचे एकत्र असतात. बाकी इंग्रजी, समाजशास्त्र, व्यायाम, जेवण हे सगळं आसपासच्या वस्तीतल्या मुलांबरोबर. ती रोज अंधारात उठून लांबच्या बसस्टॉपवर जायची. डब्याच्या टेबलावर कुणाचं पुपुसा, कुणाचं इंजेरा, हिची पोळीभाजी. तिची जवळची मैत्रीण इथिओपियन घरातली, त्याच वस्तीतली, मॅग्नेटमध्ये नसलेली. "आई, तिला माझ्यापेक्षा सोपं गणित देतात, पण ती माझ्याइतकीच पटकन करते," असं ती सातवीत असताना म्हणाली होती. चुंबकाचा मूळ हेतू कुठे फळला असेल तर तो अशा वाक्यात.

धाकटा आमच्या जवळच्या शाळेत गेला. चालत जातो, चालत येतो, असं तीन वर्षं चाललं. पात्र ठरून जागा न मिळालेल्या मुलांसाठी काउंटीनं जवळच्या शाळांत गणिताचा आणि जागतिक इतिहासाचा असे दोन वरच्या पातळीचे वर्ग ठेवले होते. ते दोन्ही त्याला मिळाले. गणिताचा वर्ग चांगला होता. पण संगणकाचं जे बहिणीला मिळालं, ते त्याला मिळालं नाही, ही गोष्ट तशीच आहे. "जे होतं ते चांगल्यासाठीच" असं म्हणून मी ती गोड करणार नाही. तो ट्रॉम्बोन शिकला, शाळेच्या बँडमध्ये वाजवला, आणि प्रोग्रॅमिंग रात्री बहिणीकडून शिकला. बहीण घरात नसती तर काय, हा विचार मला अजून येतो. ज्यांना अशी ताई नाही, त्यांचं काय?

आता जे पालक या वाटेवर आहेत त्यांच्यासाठी अनुभवातल्या दोन-चार गोष्टी. नियम दर थोड्या वर्षांनी बदलतात. म्हणून आमच्या वेळचं काय होतं यावर न जाता त्या वर्षीचं शाळेचं पत्र शब्दन्‌शब्द वाचा. राष्ट्रीय पर्सेंटाइल आणि स्थानिक पर्सेंटाइल यांत फरक करा. मॅप चाचणी संगणकावर असते आणि उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो. प्रत्येक मुलाला निराळे प्रश्न, त्यामुळे जुन्या प्रश्नपत्रिका घोकून उपयोग नसतो. मुलांना भरपूर वाचायला द्या, हवी ती पुस्तकं, मराठीसुद्धा. पत्र येण्याआधीच मुलाशी बोला: ही जागा म्हणजे काय, किती आहेत, आणि नाव कसं निघतं. पत्र आल्यावर बोललं तर ती समजूत वाटते, आधी बोललं तर माहिती. आणि मंडळाच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या मुलादेखत निकाल विचारू नका, एवढं तरी आपण पाळू या!

शेवटी एक विनंती. परीक्षा हवी की सोडत, यावर आपण बरंच भांडलो. पण दोन्हीकडे जागा शंभर-सव्वाशेच. परीक्षा घेतली तर शंभरात एक मुलं, सोडत घेतली तर दुसरी. पात्र मुलं त्याहून कितीतरी जास्त आहेत हे काउंटीनं सगळ्यांना तपासलं तेव्हा दिसलं, आणि माझ्या मते त्या तपासणीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. तेव्हा मागणी करायची तर ती जागांची आणि जवळच्या शाळांतल्या चांगल्या वर्गांची करू या. स्कूल बोर्डाच्या सभेत नागरिकांना आपलं म्हणणं मांडता येतं, आधी नाव नोंदवावं लागतं. बोलायला अगदी थोडा वेळ मिळतो, पण समोरचे ऐकून घेतात. मी एकदा जाऊन आले. माझ्यानंतर बोलायला उठलेली बाई स्पॅनिशमध्ये बोलली, दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं, आणि तिचीही मागणी तीच निघाली. पुढच्या वेळी आपल्या मंडळातले पाचसहा जण माझ्याबरोबर यायला तयार असतील, तर मला जरूर सांगा. गाडीत जागा आहे.